मागें बांधलेलें ओझें

पाठीवरचें ओझें माणसाला कळतें. मागें बांधलेलें ओझें कळत नाहीं. पाठीवर जड झालें कीं पाय लटपटतात, दम लागतो आणि मनुष्य आपण होऊन थांबतो. परंतु मागून ओढून आणलेलें ओझें सपाट वाटेवर इतक्या निमूटपणें येत असतें, कीं तें आहे याचाच विसर पडतो. उतार लागला, वळण आलें किंवा एकाएकीं थांबण्याचा प्रसंग आला, म्हणजे मग तें आपलें अस्तित्व दाखवितें. मोटारीच्या मागें ट्रेलर अथवा बोट बांधून नेणें हा माझा आजचा विषय आहे, आणि त्याचें सार एवढ्या एका गोष्टींत आलें.

श्रोतेहो, हा विषय प्रथमदर्शनीं आपल्याला परका वाटेल. आपल्याकडे ऊंसाच्या हंगामांत ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्या डुलत जातांना आपण पाहतों. पण घरच्या मोटारीला मागें कांहीं जोडून सहलीस निघण्याची चाल आपल्यांत नाहीं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत मात्र ही नित्याची गोष्ट आहे. आणि आज या देशांत आपल्यापैकीं कितीतरी घरांतील मुलेंबाळें स्थायिक झालेलीं आहेत. नोकरींत जम बसला, घर झालें, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचें पाहून तींहि एखादी लहान बोट किंवा मुक्कामाची कॅराव्हॅन घेतात, आणि उन्हाळ्यांत आपण भेटीस गेलों कीं आपल्यालाहि त्याच मोटारींत बसवितात. तेव्हां ज्या गाडींत आपलीं नातवंडें बसलीं आहेत, तिच्या मागें काय बांधलें आहे आणि तें कसें वागतें, हें आपल्याला ठाऊक असलेलें बरें.

कोणी विचारील, शाळामास्तराचा या विषयाशीं काय संबंध? त्याला उत्तर असें कीं, यांत तरफेचा नियम, त्रैराशिक आणि थोडें पदार्थविज्ञान यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं. आणि तें मीं तीस वर्षें मुलांना शिकविलें आहे.

अमेरिकेच्या उत्तरेस मिनेसोटा नांवाचें राज्य आहे. त्याला दहा हजार सरोवरांची भूमि म्हणतात. हें म्हणणें विनयाचें आहे. कारण दहा एकरांहून मोठीं अशीं सरोवरें तेथें ११,८४२ आहेत. मिनियापोलिस शहराच्या आसपास तर पेठेंत विहिरी असाव्यात तशीं तळीं आहेत. त्यामुळें उन्हाळ्यांत शनिवारीं सकाळीं रस्त्यानें पाहावें तों दर थोड्या वेळानें एखादी मोटार बोट ओढीत चाललेली दिसते. माझी मुलगी व जांवई तेथें राहतात. एका उन्हाळ्यांत त्यांच्याकडे राहिलों असतां हा सर्व प्रकार मला जवळून पाहतां आला.

या कामीं बहुतेक मध्यम आकाराची एस्‌यूव्ही वापरतात. तींत सात-आठ माणसें बसतात, आणि जाहिरातींत ती ५,००० पौंड, म्हणजे सुमारें २,२६८ किलो ओढते असें लिहिलेलें असतें. टोयोटा हायलँडर, किआ टेल्युराइड यांचे पुष्कळ प्रकार याच मापाचे आहेत. होंडा पायलटच्या २०२३ पासूनच्या नमुन्यांत एक शिकण्यासारखी गोष्ट आहे: चारहि चाकांना शक्ति पोंचविणारा प्रकार ५,००० पौंड ओढतो, पण दोनच चाकांना शक्ति देणारा प्रकार ३,५०० पौंडांवर थांबतो. नांव एक, रूप एक, पण ओढण्याची पात्रता निराळी. म्हणून शेजाऱ्याची गाडी अमुक ओढते, तर त्याच नांवाची आपलीहि ओढील, असें धरून चालूं नये. आपल्याच गाडीची पुस्तिका उघडावी.

आतां मूळ तत्त्वाकडे येऊं. ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें आहे, त्यांना बैलगाडी भरतांना पाहिल्याचें आठवत असेल. गाडीवान पोतीं रचतां रचतां मधूनच पुढें येऊन जूं उचलून पाहतो. भार मागें अधिक झाला तर गाडी उलाळ होते. जूं वर उचलतें आणि बैलांच्या गळ्यांतील जोतें आवळूं लागतें. भार पुढें अधिक झाला तर तो सगळा बैलांच्या मानेवर येतो आणि मान सोलवटते. शहाणा गाडीवान बेतानें असा भार रचतो, कीं मानेवर थोडें वजन राहावें, पण फार राहूं नये. ट्रेलरचें सगळें शास्त्र या एका वाक्यांत आहे. बैलांच्या मानेच्या जागीं मोटारीच्या मागच्या बाजूस बसविलेला पोलादी गोळा असतो, आणि जुंवाच्या जागीं ट्रेलरच्या दांडीची पकड असते. गोळ्यावर खालच्या दिशेनें पडणारा जो भार, त्याला आपण दांडीचा भार म्हणूं.

हा भार किती असावा? अमेरिकेंतील रिवाज असा कीं, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या शेंकडा १० ते १५ असावा. म्हणजे २,००० किलोच्या ट्रेलरचे २०० ते ३०० किलो गोळ्यावर पडले पाहिजेत. ब्रिटनमध्यें कॅराव्हॅनसाठीं शेंकडा ५ ते ७ पुरे मानतात. हा फरक पाहून गोंधळून जाण्याचें कारण नाहीं. ब्रिटनमध्यें ओढणाऱ्या मोटारींना वेगाची मर्यादा आहे: साध्या दुपदरी रस्त्यावर ताशीं ५० मैल आणि मोठ्या राजमार्गावर ६० मैल. अमेरिकेंत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ट्रेलर ओढणाऱ्यास ५५ मैलांची मर्यादा असली, तरी इतर अनेक राज्यांत लोक ट्रेलर घेऊन याहून पुष्कळ वेगानें धांवतात. आणि वेग जितका अधिक, तितका पुढचा भार अधिक लागतो.

असें कां? मोठी मालमोटार शेजारून वेगानें जाते, तेव्हां वाऱ्याचा एक झोत बसतो. त्यानें ट्रेलरचें मागचें टोंक किंचित् एका बाजूस सरकतें. चाकें त्याला परत ओळीवर आणतात. पण येतां येतां तें पलीकडे जातें, मग पुन्हां परत येतें. झोपाळ्याला एकदां ढकलून सोडून दिलें म्हणजे तो हळूहळू थांबतो, त्याप्रमाणें योग्य भरलेला ट्रेलर दोनचार हेलकाव्यांत शांत होतो. परंतु वेग वाढत जाईल तसतशी ही शांत होण्याची शक्ति कमी होत जाते. आणि एक वेग असा येतो कीं, त्यापुढें प्रत्येक हेलकावा मागच्यापेक्षां मोठा होतो. भार मागें अधिक असला तर हा घातक वेग खालीं येतो. भार पुढें असला तर वर जातो. एक प्रयोग पुष्कळ ठिकाणीं दाखवितात. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यांतील मोटार ठेवावी, तिला दोन चाकांचा लहानसा गाडा जोडावा, आणि गाड्यावरची वजनें पुढें ठेवून त्याला बोटानें टिचकी मारावी. गाडा थोडा डुलतो आणि सरळ होतो. तींच वजनें मागें सरकवून तशीच टिचकी मारावी. गाडा डोलत डोलत वाढत जातो आणि शेवटीं मोटारीलाहि उलटवितो. वजन तेंच, वेग तोच, टिचकी तीच. फरक केवळ रचनेचा.

दांडीचा भार घरच्या घरीं मोजतां येतो. स्नानघरांतील माणसें तोलण्याचा कांटा १५० किलोच्या वर बहुधा जात नाहीं. म्हणून एक भक्कम फळी घ्यावी. तिचें एक टोंक विटेवर व दुसरें कांट्यावर टेकवावें, आणि दोन टेकांमध्यें तीन फूट अंतर ठेवावें. कांट्यावर नुसत्या फळीचें जें वजन दिसेल तें टिपून ठेवावें. मग ट्रेलरची दांडी विटेपासून एक फुटावर, म्हणजे कांट्यापासून दोन फुटांवर, फळीवर टेकवावी. कांट्यावरील आंकड्यांतून फळीचें वजन वजा करून बाकीला तिनानें गुणावें, कीं दांडीचा भार मिळाला. आमच्या जांवयांच्या बोटीचा ट्रेलर असा तोलला, तेव्हां कांट्यावर फळी वजा जातां ७० किलो भरले. म्हणजे दांडीचा भार २१० किलो झाला. तरफेचा नियम परीक्षेपुरताच नसतो, हें माझ्या नातवाला त्या दिवशीं पटलें.

आतां त्या बोटीच्या वजनाचाच हिशेब सांगतों, कारण त्यांत एक फसगत असते. माहितीपत्रकांत बोटीचें वजन १,२५० किलो दिलेलें होतें. हें कोरडें वजन असतें. त्यांत इंधन धरलेलें नसतें आणि ट्रेलरहि धरलेला नसतो. ट्रेलरचे ४०० किलो. पेट्रोलचें वजन लिटरास पाऊण किलोच्या आसपास, तेव्हां १२० लिटरांचे सुमारें ९० किलो. बॅटरी, नांगर, दोर, तरंगण्याचीं जाकिटें, मुलांना पाण्यावर ओढण्याच्या रबरी नळ्या आणि इतर किरकोळ सामान मिळून १६० किलो. एकूण १,९०० किलो झाले. पत्रकांतील आंकड्याची ही जवळजवळ दीडपट झाली.

तरी पण गाडी २,२६८ किलो ओढते, मग अडचण कोणती? गाडी विकणाऱ्यानें तर हंसत हंसत सांगितलें होतें कीं, ही वाटेल तें ओढील. जांवयांचा बेत असा होता कीं, आम्हीं सहाहि जणांनीं एकाच गाडींत बसून, मागें बोट बांधून, दीडशें मैलांवरील डलूथकडे चार दिवस जावें. मीं गाडीचें दार उघडून खांबावरील चिठ्ठी वाचली. प्रत्येक अमेरिकन मोटारीच्या दाराच्या आंत अशी चिठ्ठी चिकटविलेली असते, आणि माणसें व सामान मिळून किती वजन त्या गाडीनें वाहावें, तें तिच्यावर छापलेलें असतें. आमच्या गाडीचा आंकडा ६३५ किलो होता.

दांडीचा भार हा ट्रेलरचा असला, तरी तो पडतो मोटारीवर. म्हणून तो या ६३५ मध्येंच मोजावा लागतो. पुष्कळांना हें ठाऊक नसतें. मीं कागद घेऊन मांडणी केली. सहा माणसांचे ३२५ किलो. तंबू, बर्फाची पेटी, कपडे व शिधा ११० किलो. गोळा बसविण्याचें लोखंडी साहित्य २० किलो. दांडीचा भार २१० किलो. बेरीज ६६५ झाली. म्हणजे ओढण्याच्या मर्यादेंत आम्हीं बसत होतों, पण वाहण्याच्या मर्यादेबाहेर ३० किलो गेलों होतों.

आणि ओढण्याच्या मर्यादेचेंहि पाहा. हे आंकडे ठरविण्यासाठीं अमेरिकेंत जे २८०७ नांवाचें प्रमाण आहे; टोयोटानें आपल्या २०११ च्या गाड्यांपासून तें प्रथम स्वीकारलें. त्यांतील एक परीक्षा मोठी कडक आहे. अॅरिझोना प्रांतांत डेव्हिस धरणाजवळ सुमारें १८ किलोमीटरांचा एक चढ आहे. तेथें ३८ अंश सेंटिग्रेडहून अधिक उन्हांत, गाडींतील थंड हवेचें यंत्र पूर्ण जोरानें चालू ठेवून, मागें पूर्ण ओझें बांधून, ताशीं ४० मैलांच्या खालीं न उतरतां गाडीनें तो चढ चढला पाहिजे. परीक्षा चांगली आहे. पण तींत गाडींत चालक व एक सोबती, दोघे मिळून १३६ किलोंचे, एवढेच धरलेले असतात. आमच्या गाडींत माणसें व सामान मिळून ४३५ किलो होणार होते, म्हणजे २९९ किलो अधिक. मोटार व ट्रेलर यांच्या एकत्रित वजनालाहि मर्यादा असल्यामुळें, तेवढे ओढण्याच्या आंकड्यांतून वजा करावे लागतात. राहिले १,९६९. बोट १,९०० ची. जाहिरातींतल्या ऐसपैस २,२६८ मधून शिल्लक उरली ६९ किलो!

जांवई अभियंते आहेत. त्यांनीं तो कागद दोनदां तपासला आणि थोडे गंभीर झाले. मुलगी म्हणाली, “बाबा, तीस किलोंनीं काय होतें? सगळे असेच जातात.” ही तक्रार स्वाभाविक होती, सर्वांनीं एका गाडींत बसून, गात-बोलत जाण्यांत जो आनंद आहे, तो तिला हवा होता. तीस किलोंनीं गाडी मोडत नाहीं, हेंहि खरें. पण तीस किलो ही नुसती बेरीज आहे. तीं वजनें कोठें पडतात, तो खरा प्रश्न आहे. मीं तिला दुसरी आकृति काढून दाखविली. गोळा हा मागच्या चाकांच्याहि १२० सेंटिमीटर मागें असतो, आणि पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २८० सेंटिमीटर आहे असें धरूं. मागचा आंख हा टेकू झाला. गोळ्यावर २१० किलो दाबले, कीं पुढच्या चाकांवरील ९० किलो उचलले जातात, आणि मागच्या आंखावर २१० च्या जागीं ३०० येऊन पडतात. लहान मुलांच्या चढउताराच्या फळीसारखाच हा प्रकार आहे. आतां, वळविण्याचें काम पुढचीं चाकें करतात, आणि थांबविण्याचेंहि बहुतेक काम तींच करतात. ज्यांच्यावर आपला जीव अवलंबून, त्यांनाच आपण हलकें करतों. शिवाय रात्रीं दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपवितो. त्यांतच गाडीच्या पार मागच्या भागांत सामान ठासलें, तर हा दोष आणखी वाढतो.

यावर उपाय आहे. भार वांटणारी एक खास जोडणी मिळते. तिच्या पोलादी दांड्या स्प्रिंगसारख्या ताणून बसविल्या म्हणजे कांहीं भार पुन्हां पुढच्या चाकांकडे जातो. पण कांहीं कारखानदार आपल्या गाडीस ती लावण्याची मनाई करतात. म्हणून पुस्तिका पाहिल्यावांचून ती घेऊं नये. आणि अशा जोडणीनें भाराची वांटणी सुधारते, चिठ्ठीवरचा आंकडा वाढत नाहीं. आमच्याकडे साधा उपाय ठरला: आम्हीं म्हाताऱ्या दोघांनीं, शेजारचें एक मराठी कुटुंब निघालें होतें त्यांच्या मोटारींतून यावें. १२५ किलो उतरले, बेरीज ५४० झाली. मुलगी थोडी हिरमुसली. पण निघण्याच्या दिवशीं तिनेंच आपल्या आईची पिशवी उचलून दुसऱ्या गाडींत नेऊन ठेवली.

डलूथ हें सुपीरियर सरोवराच्या कांठीं वसलेलें शहर आहे. दक्षिणेकडून येणारा मोठा रस्ता टेकडीवरून एकदम सरोवराकडे उतरतो. शेजाऱ्यांच्या गाडींतून जांवयांच्या मागोमाग उतरतांना मला आपला खंडाळ्याचा घाट आठवला. आपल्याकडील जुने मोटारवाले सांगत कीं, ज्या गिअरमध्यें घाट चढावा, त्याच गिअरमध्यें उतरावा. ओझें मागें असतां या नियमाला दुप्पट मोल येतें. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो, आणि तापलेला ब्रेक हातचा जातो; म्हणून उताराच्या आधींच वेग कमी करून गाडी खालच्या गिअरमध्यें घ्यावी. दोन हजार किलोच्या मोटारीमागें जवळजवळ दोन हजारांचाच ट्रेलर बांधला, कीं थांबवावयाची शक्ति दुप्पट लागते. शिवाय वेगाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणांत होतो. ताशीं ८० किलोमीटरांवरून १०० वर गेलें, तर वेग सव्वापट होतो, पण आवरावयाची शक्ति दीडपटीहून अधिक होते. जर्मनींत ट्रेलरवाल्यांना सामान्यतः ८० किलोमीटरांचीच मुभा आहे, ती उगीच नव्हे.

म्हणून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. ब्रिटनमध्यें ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलो, किंवा मोटारीच्या वजनाच्या निम्मा, यांपैकीं जें कमी असेल त्याहून जड चालत नाहीं. अमेरिकेंत राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला ब्रेक लागतात. कॅराव्हॅनला बहुधा विजेचे ब्रेक असतात. बोटीचा ट्रेलर पाण्यांत बुडवावा लागतो, म्हणून त्याला बहुशः निराळी योजना करतात: मोटार मंदावली कीं मागून येणारा ट्रेलर गोळ्यावर दाब देतो, आणि त्या दाबानेंच त्याचे ब्रेक लागतात. ब्रिटनमध्यें १६ डिसेंबर २०२१ पासून, १९९७ नंतर परवाना मिळविलेल्या चालकांनाहि निराळी परीक्षा न देतां ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढतां येतो. कायद्यानें परीक्षा काढून टाकली, तरी रस्ता ती घ्यावयाची थांबत नाहीं. म्हणून शिक्षकाकडून एकदोन दिवस शिकून घेणें शहाणपणाचें.

एवढें करूनहि ट्रेलर डोलूं लागला तर? येथें मनाची स्वाभाविक प्रेरणा नेमकी घातक ठरते. भीतीनें माणूस जोरानें ब्रेक दाबतो किंवा चक्र उलटसुलट फिरवितो, आणि दोहोंमुळें हेलकावा वाढतो. करावयाचें तें असें: वेगाच्या पट्टीवरून पाय अलगद काढावा, चक्र दोन्ही हातांनीं सरळ व स्थिर धरावें, आणि गाडीचा वेग आपोआप उतरूं द्यावा. ट्रेलरचे ब्रेक हातानें लावण्याची सोय असेल, तर ते हळूहळू लावावे. वेग वाढवून त्यांतून निसटण्याचा प्रयत्न कधींहि करूं नये. मग सुरक्षित जागीं थांबून भार पुन्हां रचावा. कारण जो ट्रेलर एकदां डोलला, तो त्याच वेगाला पुन्हां डोलेल.

जोडणीच्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आहेत, त्यांवरून ओझरतेंच जातों. अमेरिकेंत गोळे तीन मापांचे मिळतात, एक व सात-अष्टमांश इंच, दोन इंच, आणि दोन व पांच-षोडशांश इंच. युरोपांत ५० मिलिमीटरांचा एकच. दोन इंचांची पकड लहान गोळ्यावर बसल्यासारखी दिसते, आणि पहिल्या खड्ड्याला उडून निघते. म्हणून मापें छापलेलीं असतात, तीं ताडून पाहावीं. पकड बसविल्यावर दांडी जॅकनें थोडी उचलून पाहावी. मोटारीचें मागचें अंग तिच्याबरोबर उचललें गेलें तर जोडणी खरी. दोन्ही साखळ्या दांडीखालून एकमेकींस ओलांडून लावाव्या, म्हणजे पकड सुटलीच तर दांडी रस्त्यांत न रुततां साखळ्यांच्या झोळींत पडते. ट्रेलरचे टायर झिजून फुटत नाहींत. ते वर्षांतले अकरा महिने उन्हांत उभे राहून वाळतात आणि मग फुटतात. म्हणून टायरची जाडी न पाहतां त्यांचें वय पाहावें.

आतां बोट पाण्यांत सोडण्याचा प्रसंग. सरोवराच्या कांठीं कांक्रीटचा उतार केलेला असतो. शंभर फुटांस १२ ते १५ फूट असा त्याचा ढाळ असतो. त्यावरून ट्रेलर उलटा पाण्यांत न्यावयाचा. उलटें जातांना ट्रेलर चक्राच्या विरुद्ध दिशेस वळतो, त्यामुळें नवा मनुष्य घाबरतो. यावर सोपी युक्ति अशी कीं, हात चक्राच्या तळाशीं धरावा. मग हात ज्या बाजूस न्याल, त्याच बाजूस ट्रेलर जातो. उतारावर जाण्यापूर्वीं मुलांना व वडीलधाऱ्यांना गाडींतून उतरवावें. पाण्याखालचें कांक्रीट शेवाळानें निसरडें असतें, आणि घसरणाऱ्या गाडींत रिकाम्या जागा असलेल्या बऱ्या.

उतारावर पोंचतांच घाई करूं नये. लांबून आलेल्या ट्रेलरच्या चाकांचे तुंबे तापलेले असतात. ते एकदम थंड पाण्यांत बुडविले, तर आंतील हवा आकुंचित होऊन बेअरिंगमध्यें पाणी ओढून घेते. पाणी शिरलें कीं ग्रीस बिघडतें, बेअरिंगला गंज चढतो, आणि पुढच्या एखाद्या प्रवासांत चाकच निखळतें. म्हणून पाव-अर्धा तास थांबावें, ट्रेलरच्या दिव्यांची तार सोडवावी, आणि दरवर्षीं बेअरिंगचें ग्रीस तपासावें.

या थांबण्याच्या वेळांतच आणखी एक गोष्ट करावयाची असते. बोटीच्या बुडाला एक लहानसें बूच असतें. मिनेसोटांत कायदा असा आहे कीं, बोट रस्त्यावर असतां हें बूच काढलेलेंच असलें पाहिजे. त्याचें कारण ऐकण्यासारखें आहे. १९८८ सालीं अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील सेंट क्लेअर सरोवरांत एक पट्टेदार शिंपला सांपडला. तो मूळचा काळ्या व कॅस्पियन समुद्राकडचा. मोठ्या जहाजांच्या तळांतील पाण्याबरोबर आलेला. दुसऱ्याच वर्षीं तो डलूथच्या बंदरांत दिसला. आपल्या कोंकणांतील शिनाण्यांसारखा दिसणारा, पण बोटाच्या पेराएवढा हा जीव नळांत, यंत्रांत, दगडांवर थर धरून बसतो, आणि पाण्यांतील सूक्ष्म अन्न गाळून घेऊन माशांच्या पिलांना उपाशी ठेवतो. त्याचीं पिलें डोळ्यांना न दिसणारीं असतात; बोटीच्या तळांत राहिलेल्या तांब्याभर पाण्यांतूनहि तीं एका सरोवरांतून दुसऱ्यांत जातात. म्हणून पाण्याबाहेर आल्यावर बोट स्वच्छ करावी, सर्व पाणी काढून टाकावें, वाळवावी, आणि बूच काढलेलें ठेवावें. हा नियम उत्तम आहे. पण त्यामुळेंच पुढच्या खेपेस पाण्यांत उतरण्यापूर्वीं बूच बसविण्याचें विसरून बोट बुडूं लागल्याचे प्रसंग धक्क्यावर घडतात. माझ्या नातवानें त्यावर स्वतःच तोड काढली. बूच काढलें कीं तें बोटीच्या किल्लीला बांधावयाचें. म्हणजे बूच हातीं आल्यावांचून यंत्र सुरूच होत नाहीं.

श्रोतेहो, यांतील बहुतेक गोष्टी पैशाच्या नाहींत. एक फळी, एक कांटा, कागद-पेन्सिल आणि निघण्यापूर्वींची पंधरा मिनिटें एवढ्यानें काम भागतें. आपलीं मुलें परदेशांत मोठीं कामें करतात. त्यांना हा हिशेब येत नाहीं असें नाहीं. सुटी थोडी असते, निघण्याची घाई असते, आणि सगळेच असे जातात हें डोळ्यांना दिसत असतें, म्हणून तो मांडावयाचा राहून जातो. तेव्हां पुढच्या वेळीं फोनवर मुलगा किंवा मुलगी सांगेल कीं, आम्हीं बोट घेतली, तर तिचें कौतुक अवश्य करावें. मग सहज विचारावें, दारावरच्या चिठ्ठींत किती किलो लिहिले आहेत, आणि दांडीचा भार तोलला कां? तीं हंसतील, पण फोन ठेवल्यावर गाडीचें दार उघडून पाहतील. विकणारा गाडी किती ओढते तेवढेंच सांगतो. ती किती वाहते आणि किती आवरते, हें आपलें आपण विचारावयाचें असतें.